पुढे काय झाले?

मनुष्याने आजवर जे प्रश्न विचारले, त्यांत 'मी कोण?' हा प्रश्न सर्वांत थोर समजला जातो. त्यावर ऋषिमुनींनी आयुष्ये वेचली आणि पंडितांनी ग्रंथांचे ढीग रचले. पण कोणत्या प्रश्नाने घरोघरचे दिवे रात्री अधिक काळ जळत ठेवले, याचा कोणी हिशेब मांडला तर पहिला मान 'पुढे काय झाले?' या साध्या प्रश्नालाच द्यावा लागेल. आजीच्या कुशीतले पोर हाच प्रश्न विचारते. कीर्तनकार बुवा आख्यान ऐन रंगात आणतात आणि नेमके तिथेच थांबून झांजांच्या ठेक्यावर एखादे पद आळवू लागतात, तेव्हा मांडवातल्या श्रोत्यांच्या मनातही हाच प्रश्न असतो. बुवांना तो ठाऊक असतो. म्हणूनच ते थांबतात.

या एका प्रश्नावर ज्यांनी आपला सारा प्रपंच थाटला, त्या रहस्यकथा, हेरकथा, थरारकथा अशा नाना नावांच्या कथाकुळाविषयी दिवाळीच्या निवांत दुपारी चार गोष्टी सांगाव्यात, असे योजले आहे. फराळाच्या ताटात अनरशाला जो मान तो चिवड्याला नाही. पण ताटातला चिवडा आधी संपतो, हे प्रत्येक गृहिणी जाणते. साहित्याच्या ताटात या कथेचे स्थान चिवड्याचे आहे. मी शाळामास्तर आहे आणि कादंबऱ्याही लिहितो. पदवीचे शेपूट माझ्या नावाला नसल्यामुळे साहित्यशास्त्राच्या वादात पडण्याचा अधिकार मला नाही. परंतु वाचक पुस्तकाला का चिकटतो, हे पाहण्याची संधी मला रोज मिळते. पाठ्यपुस्तकाचे दुसरे पान उलटताना जांभई देणारा मुलगा बाकाखाली धरलेले फाटके पुस्तक असे वाचत असतो की तास संपल्याची घंटाही त्याला ऐकू येत नाही. शिक्षक म्हणून मला ते पुस्तक काढून घ्यावे लागते. लेखक म्हणून त्या पुस्तकाचा मला हेवा वाटतो. त्या मुलाच्या हातात औषध आहे की विष, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळत आला आहे. त्याचा निवाडा करायचा तर या कथेची जन्मकुंडली पाहिली पाहिजे.

ही कुंडली शहरात मांडलेली आहे. १८४२ सालच्या जूनमध्ये पॅरिसच्या 'जूर्नाल दे देबा' या वर्तमानपत्रात यूजेन स्यू या लेखकाची 'पॅरिसची रहस्ये' ही कादंबरी हप्त्याहप्त्याने येऊ लागली आणि १८४३ च्या ऑक्टोबरपर्यंत चालली. अंधाऱ्या गल्ल्या, चोरांचे अड्डे, वेष पालटून गोरगरिबांत वावरणारा एक राजपुरुष आणि प्रत्येक हप्त्याच्या अखेरीस कोणाच्या तरी मानेवर आलेली सुरी, असा तो सारा मामला होता. वाचकांनी लेखकाला पत्रांवर पत्रे लिहिली. अमक्या पात्राला वाचवा, तमक्याला शिक्षा करा, अशा विनवण्या त्यांत असत.

लंडन मागे राहणे शक्यच नव्हते. १८४४ साली जॉर्ज रेनॉल्ड्स या गृहस्थाने 'लंडनची रहस्ये' सुरू केली. दर आठवड्याला आठ पाने, वर एक लाकडी ठशाचे चित्र आणि किंमत एक पेनी! आठवड्याला चाळीस हजारांपर्यंत प्रती खपत असत. एक प्रत एकाच्याच हातात राहत नसे, वाचता येणारा एक आणि ऐकणारे दहा अशी बैठक जमे; तेव्हा वाचकांची खरी संख्या आपणच अजमावावी. हा रेनॉल्ड्स केवळ गल्लाभरू लेखक नव्हता. मजुराला मताचा हक्क मिळावा म्हणून झगडणाऱ्या चार्टिस्ट चळवळीत तो होता. १८४८ च्या मार्चमध्ये लंडनच्या ट्रफाल्गार चौकात भरलेल्या प्रचंड सभेपुढे तो उभा राहिला होता. त्याच्या कादंबरीत खुनी दरोडेखोर जसा झोपडपट्टीत भेटतो, तसाच उमरावाच्या दिवाणखान्यातही भेटतो. पेनी मोजणाऱ्या वाचकाला ही दुसरी ओळख अधिक गोड वाटत असली पाहिजे.

आता याच सुमारास ही कथा का जन्मली? गावात प्रत्येकाला प्रत्येकाचे कूळ ठाऊक असते. कोणाच्या घरी काय शिजले हे चार घरांपलीकडे वासावरून ओळखता येते. लंडन तेव्हा वीस लाख वस्तीच्या आसपास पोचले होते. तिथे भिंतीपलीकडच्या खोलीत कोण राहतो, हे वर्षानुवर्षे कळत नसे. माणसे वाढली, ओळखी आटल्या आणि संशय जन्मला. त्याच वेळी छपाईची यंत्रे वेगवान झाली, कागद स्वस्त झाला आणि कामकरी माणूस अक्षरे लावू लागला. अनोळखी शेजारी, स्वस्त कागद आणि नवा वाचक अशा तिघांच्या संगमावर हे तीर्थ निर्माण झाले. त्या आधी एकच वर्ष, १८४१ साली, अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी एडगर ॲलन पो याने खुनाचा छडा केवळ बुद्धीच्या बळावर लावणारा एक नायक उभा केला होता. त्या कथेतले शहर पॅरिसच होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

रेनॉल्ड्सचा आणि आपला संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. इंग्रजी शिकलेल्या आपल्या पणजोबांच्या पिढीने शेक्सपिअर परीक्षेसाठी वाचला असेल. रेनॉल्ड्स मात्र त्यांनी आवडीने वाचला. हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' १८८५ पासून 'पुणेवैभव' पत्रात येऊ लागली, तिच्यामागे रेनॉल्ड्सचीच प्रेरणा होती. पुढे हरिभाऊंनी त्याचा हात सोडला आणि मराठी मध्यमवर्गाच्या घरातले दुःख लिहिले, हा त्यांचा मोठेपणा. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सला धोतर-उपरणे नेसवून मराठी वाचकाच्या ओटीवर बसवले. नाथमाधवांनी 'वीरधवल' लिहिली तीही रेनॉल्ड्सच्या 'केनेथ' या कादंबरीच्या आधारावर. शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून कोसळल्यामुळे नाथमाधवांचे कमरेखालचे अंग लुळे पडले होते. बिछान्याला खिळलेल्या या माणसाने महाराष्ट्रातल्या हजारो धडधाकट माणसांना भुयारांतून, किल्ल्यांतून आणि अरण्यांतून धावायला लावले!

रेनॉल्ड्सचे भय गल्लीत होते. ते उचलून दिवाणखान्यात आणण्याचे काम विल्की कॉलिन्स याने केले. १८५९ च्या नोव्हेंबरात डिकन्सच्या साप्ताहिकात त्याची 'शुभ्र वस्त्रांतली स्त्री' सुरू झाली. चांदण्या रात्री निर्जन रस्त्यावर एका तरुणाच्या खांद्याला मागून कोणाचा तरी हात लागतो; तो वळून पाहतो, तो नखशिखांत पांढऱ्या कपड्यांतली एक स्त्री! अंक निघण्याच्या दिवशी कचेरीबाहेर माणसांची रीघ लागे. दुकानांत त्या कादंबरीच्या नावाची अत्तरे, टोप्या आणि झगे विकले जाऊ लागले. या कादंबरीत पिस्तुलापेक्षा कागद अधिक भयंकर आहे. एका स्त्रीची मालमत्ता गिळण्यासाठी तिला वेडी ठरवून कोंडले जाते आणि कायद्याच्या लेखी ती मेलेली असते. त्या काळी इंग्लंडात लग्न झालेल्या बाईची मालमत्ता कायद्याने जवळजवळ नवऱ्याच्याच हाती जाई. घरातल्या वाचक बायकांना ते भय परके वाटले नसावे. थरारकथेची पहिली गुरुकिल्ली इथे सापडते: गोष्ट असंभाव्य चालेल, पण तिच्या मुळाशी असलेले भय खरे पाहिजे.

याच कॉलिन्सने १८६८ साली 'चंद्रकांत मणी' लिहिली. तिचे मूळ आपल्या देशात आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला आणि लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने खून करून एक हिरा पळवला. हा हिरा मूळचा सोमनाथच्या चंद्रदेवाच्या मूर्तीचा, असे कथेत मानले आहे. तीन ब्राह्मण पिढ्यानपिढ्या त्याच्या मागावर असतात. ही कादंबरी निघाली तेव्हा १८५७ च्या उठावाला उणीपुरी अकरा वर्षे झाली होती आणि इंग्रजी वर्तमानपत्रांतून हिंदी माणूस म्हणजे क्रूर श्वापद असेच चित्र रंगवले जात होते. अशा वेळी कॉलिन्सने मूळ चोर इंग्रज ठरवला आणि शेवटी तो हिरा काठेवाडातल्या देवाच्या कपाळी परत नेऊन बसवला. उत्कंठेच्या साखरेत घोळून त्याने आपल्या वाचकांना एक कडू गोळी गिळायला दिली.

यानंतर आगगाडीने कथेची लांबी बदलली. गाडीतल्या प्रवाशाला स्टेशन येईतो संपणारी गोष्ट हवी असते. आर्थर कॉनन डॉइल याने ही नाडी अचूक ओळखली. एखादा अंक चुकला तर लांब कादंबरीचा वाचक कायमचा तुटतो. तेव्हा नायक तोच ठेवावा आणि प्रत्येक अंकात गोष्ट मात्र स्वतंत्र व पुरी करावी, असे त्याने ठरवले. १८९१ च्या जुलैपासून 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सच्या कथा या बेताने येऊ लागल्या. १८९३ च्या डिसेंबरात लेखकाने कंटाळून होम्सला धबधब्याच्या कड्यावरून ढकलून दिले, तेव्हा वीस हजारांवर वर्गणीदारांनी मासिक बंद केले असे सांगतात. दहा वर्षांनी लेखकाला त्याला जिवंत करावेच लागले. पौराणिक कथांत देव भक्ताला जिवंत करतो. इथे भक्तांनी देवाला जिवंत केले!

वाचक किती गुंततो याची आणखी एक कथा सांगण्याचा मोह आवरत नाही. एडगर वॉलेस या लेखकाने १९०५ साली 'चार न्यायी माणसे' ही कादंबरी स्वतःच छापली. बंद खोलीत, पोलिसांच्या गराड्यात, इंग्लंडच्या एका मंत्र्याचा खून होतो. तो कसा झाला हे बरोबर ओळखणाऱ्यांना त्याने ५०० पौंडांची बक्षिसे लावली आणि जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला. पण बक्षीस किती जणांत संपेल याची मर्यादा घालायला तो विसरला! बरोबर उत्तरे देणाऱ्यांची रांग लागली, पुस्तक खपूनही लेखक कर्जात बुडाला आणि अखेर वर्तमानपत्राच्या मालकाकडून उसने घेऊन त्याला अब्रू वाचवावी लागली. पुढे याच वॉलेसने दीडशेहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. या फजितीतून निघणारा धडा मोलाचा आहे. असल्या कथेचा वाचक आडवा पडून नुसता ऐकत नसतो. तो लेखकाशी बुद्धिबळ खेळत असतो. त्याला कमी लेखणाराचे दिवाळे निघते.

इथवरच्या कथांत मुख्य प्रश्न 'कोणी केले?' हा होता. १९१५ साली तो बदलला. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर पोटाच्या विकाराने अंथरुणाला खिळलेल्या जॉन बकन या स्कॉटिश गृहस्थाने वेळ घालवण्यासाठी 'एकोणचाळीस पायऱ्या' लिहिली. नायकाच्या बिऱ्हाडी एक अनोळखी माणूस आश्रयाला येतो, एका कटाची बातमी देतो आणि चार दिवसांत त्याच खोलीत सुरीने जमिनीला खिळलेला आढळतो. आता नायकामागे पोलीसही लागतात आणि हेरही. खुनी कोण हे शोधायला त्याला सवड नाही, त्याला आधी जिवंत राहायचे आहे. गुप्तहेरकथा मागे वळून पाहते: जे घडून गेले त्याचा ती उलगडा करते. थरारकथा पुढे धावते. जे घडू पाहते आहे ते टळेल का, एवढाच तिला ध्यास असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर एवढ्या काळात त्या पुस्तकाच्या २५,००० प्रती खपल्या. खंदकांतल्या चिखलात, वर तोफगोळे फुटत असताना, सैनिक ते वाचत आणि लेखकाला आभाराची पत्रे पाठवत.

हे जरा नवल नव्हे काय? ज्यांच्या डोक्यावर मरण खरोखर घिरट्या घालीत होते, त्यांनी करमणुकीसाठी पुन्हा मरणाचीच गोष्ट का मागावी? मला त्याचे उत्तर असे वाटते. खंदकातले मरण आंधळे होते. ते कोणावर का पडेल याला काही नेम नव्हता. पुस्तकातल्या संकटाला कारण होते, क्रम होता, आणि चतुराईने व धैर्याने त्यातून सुटण्याची वाट होती. माणसाला भयापेक्षा निरर्थकता अधिक सोसवत नाही.

बकनच्या याच कादंबरीवर आल्फ्रेड हिचकॉकने १९३५ साली चित्रपट काढला. उत्कंठेचे शास्त्र या माणसाइतके सोपे करून कोणीच सांगितले नसेल. १९६२ साली त्र्यूफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत त्याने एक उदाहरण दिले. काही माणसे टेबलाभोवती बसून साध्या गप्पा मारत आहेत आणि अचानक टेबलाखाली बाँब फुटतो. प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. आता तोच बाँब कोणी ठेवला हे प्रेक्षकाला आधी दाखवा, तो एक वाजता फुटणार हे सांगा आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलेला दाखवा. त्याच निरर्थक गप्पा आता प्रेक्षकाला पंधरा मिनिटे खुर्चीच्या कडेवर बसवतात. म्हणजे रहस्य लपवण्याने जेवढी उत्कंठा वाढते, त्याहून अधिक ते सांगून टाकण्याने वाढते!

पण हिचकॉकलाही प्रेक्षकाने एकदा शिक्षा केली. १९३६ च्या 'सॅबोटाज' या चित्रपटात एक निष्पाप मुलगा हातातल्या पुडक्यात बाँब आहे हे न कळता लंडनच्या बसमधून तो नेत असतो. घड्याळ पुढे सरकते, प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागतो, आणि बाँब खरोखरच फुटून मुलगा मरतो. प्रेक्षक चिडले. तो बाँब फुटायला नको होता, असे पुढे खुद्द दिग्दर्शकानेच कबूल केले. प्रेक्षक आपले भय लेखकाला उसने देतो, ते या विश्वासावर की खेळ संपल्यावर ते परत मिळेल. उसने घेऊन बुडवणाऱ्याला बाजारात पत राहत नाही.

या साऱ्यावर कडी केली ती फ्रेडरिक फोर्सिथ याने. हा इंग्रज वार्ताहर १९६२ च्या सुमारास पॅरिसमध्ये होता. अल्जीरियाला स्वातंत्र्य देऊ केल्यामुळे चिडलेल्या लष्करी कटवाल्यांनी त्या वर्षीच्या २२ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या मोटारीवर शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या, तरी ते बचावले. पुढे खिशात दमडी नसताना, १९७० च्या जानेवारीत बसून, फोर्सिथने पस्तीस दिवसांत 'द डे ऑफ द जॅकल' लिहून काढली. कटवाले द गॉल यांना मारण्यासाठी एक भाडोत्री मारेकरी नेमतात, अशी ती गोष्ट. प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले, आणि त्यांचा आक्षेप अगदी व्यवहारी होता: द गॉल तर जिवंत आहेत, मारेकऱ्याचा बेत फसणार हे जगाला ठाऊक आहे, मग वाचक कशासाठी पाने उलटणार? १९७१ साली एका प्रकाशकाने धीर केला, आणि लाखो वाचकांनी पाने उलटली. मारेकरी खोटे पारपत्र कसे मिळवतो, बंदूक कशी घडवून घेतो, सीमा कशी ओलांडतो, हे सारे फोर्सिथने सुताराने चौकट बसवावी इतक्या काटेकोरपणे सांगितले. २०२५ च्या जूनमध्ये तो वारला तेव्हाही त्याची ओळख 'जॅकलचा कर्ता' हीच होती.

प्रकाशकांना पडलेले ते कोडे माझ्या वर्गातल्या मुलांनी केव्हाच सोडवलेले आहे. १६६६ सालच्या आग्र्याच्या सुटकेचा धडा मी दरवर्षी शिकवतो. महाराज सुखरूप सुटले हे वर्गातल्या प्रत्येक पोराला पाळण्यात असल्यापासून माहीत असते. तरीही मिठाईचे पेटारे चौकीपाशी आले आणि पहारेकऱ्याने एका पेटाऱ्याच्या झाकणाला हात घातला, असे म्हणून मी जरा थांबलो, की साठ मुलांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी. शेवट ठाऊक असणे आणि त्या क्षणी तिथे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गोष्ट ऐकताना मूल इतिहासाच्या पुस्तकाबाहेर नसते, ते त्या पेटाऱ्यात दबा धरून बसलेले असते. 'पुढे काय झाले?' या प्रश्नाचा खरा अर्थ 'आता माझे काय होणार?' असा आहे, हे मला फोर्सिथने शिकवण्याआधी या पोरांनी शिकवले.

आपल्या मराठीत या कथेला लोकाश्रय मिळाला तो मुख्यतः बाबूराव अर्नाळकरांमुळे. १९०६ ते १९९६ असे नव्वद वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या लेखकाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय आणि काळापहाड ही नावे एके काळी घरातल्या माणसांसारखी घेतली जात. वाचनालयाच्या फळीवर अर्नाळकरांचे पुस्तक विसावलेले असे क्वचितच दिसे. एकाने परत केले की दुसरा हात पुढे आलेलाच असे. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. आणि ही गंगा उलटीही वाहिली आहे: जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर राजा परांजप्यांनी १९६४ साली 'पाठलाग' हा चित्रपट केला आणि त्यावरून दोनच वर्षांनी हिंदीत 'मेरा साया' निघाला. रेनॉल्ड्सकडून उसने घेणाऱ्या मराठीने या खेपेस दुसऱ्याला उसने दिले.

अर्नाळकरांच्या पुस्तकांना समीक्षकांनी दारात उभे केले नाही. मी त्या समीक्षकांशी भांडणार नाही. हजार पुस्तके लिहिणाराच्या हातून प्रत्येक वाक्य घासूनपुसून निघत नसते. पण अक्षरओळख झालेला आणि वाचक झालेला यांच्यामध्ये एक मोठा ओढा आहे. शाळा मुलाला त्या ओढ्याच्या काठापर्यंत आणून सोडते. पलीकडे नेणारी फळी बहुधा असल्याच एखाद्या फाटक्या पुस्तकाची असते. पलीकडे गेल्यावर तो ज्ञानेश्वरीकडे वळेल की पुन्हा फळीवरच येऊन बसेल, हे ज्याच्या त्याच्या कुवतीवर आणि त्याला भेटलेल्या मास्तरावर अवलंबून आहे. फळीच काढून टाकली, तर तो काठावरच राहतो.

म्हणून काय साऱ्याच थरारकथा निर्दोष आहेत? तसे मी म्हणणार नाही, आणि इथेच मला खरी धास्ती वाटते. भय हे मोठे धारदार हत्यार आहे. ते कोणाकडे रोखायचे, हे लेखक ठरवतो आणि वाचकाला पत्ता लागत नाही. १९१२ साली सॅक्स रोमरने फू मांचू हा कपटी चिनी खलनायक उभा केला. त्याची पुस्तके चवीने वाचणाऱ्या वाचकांच्या मनात साऱ्या चिनी माणसांविषयी विष कालवले गेले. बकनच्या ज्या कादंबरीचे मी वर कौतुक केले, तिच्यातल्या एका पात्राच्या तोंडीही ज्यू लोकांविषयी द्वेषाची बडबड आहे. ती १९१५ साली छापली गेली. त्यानंतर तीस वर्षांच्या आत युरोपात ज्यूंचे काय झाले हे जग जाणते. एका कादंबरीने ते केले असे कोणी म्हणणार नाही. पण उत्कंठेने श्वास रोखून धरलेला वाचक तपासून पाहत नसतो; घोटाबरोबर जे येईल ते गिळत असतो. याच कथाप्रकारात कॉलिन्सने आपल्या देशबांधवांना त्यांच्याच लुटीचा आरसा दाखवला होता, हेही विसरून चालणार नाही. हत्यार तेच, रोखणारा हात निराळा.

त्यामुळे मुलांच्या हातातल्या पुस्तकाची परीक्षा मी एका वेगळ्याच कसोटीवर करू लागलो आहे. त्यात खून किती आहेत हे मी मोजत नाही. महाभारतात ते कमी नाहीत. पुस्तक मिटल्यावर वाचकाला कोणाची भीती वाटू लागते, एवढेच मी पाहतो. सत्ता आणि पैसा माणसाला काय करायला लावतात याची भीती वाटू लागली, तर ते पुस्तक शहाणपणाच्या वाटेवर आहे. शेजारच्या बिऱ्हाडातल्या माणसाची भीती त्याच्या जातीमुळे, धर्मामुळे किंवा बोलीमुळे वाटू लागली, तर त्यावर कितीही थोर लेखकाचे नाव असो, ते पुस्तक विषारी आहे. काढून घ्यायचे ते असे पुस्तक. आणि नुसते काढून न घेता, मुलाशेजारी बसून त्याच्याबरोबर वाचायचे तेही हेच.

अलीकडे ही कथा पुस्तकातून निघून घरातल्या पडद्यावर आणि हातातल्या दूरध्वनीवर जाऊन बसली आहे. मालिकेचा भाग नेमका कड्यावर संपतो आणि घरचे सारे 'आणखी एकच' म्हणत रात्री दोन वाजेपर्यंत जागतात. पेनीच्या आठ पानांची ही पणती आहे. चेहरा थेट पणजीवर गेला आहे. एक गोष्ट मात्र पणजीकडे होती, ती पणतीकडे नाही. आठवडाभर वाट पाहताना एकाच गल्लीतली माणसे पारावर, दुकानात, कारखान्याच्या फाटकाशी पुढच्या हप्त्याचे तर्क लढवत. लंडनला १९५२ च्या २५ नोव्हेंबरला अगाथा ख्रिस्तीचे 'माऊसट्रॅप' नाटक सुरू झाले. महामारीने १४ महिने दारे बंद ठेवली, तरी त्यानंतर ते पुन्हा उभे राहिले. प्रयोग संपला की नट प्रेक्षकांना हात जोडून विनवतात, 'खुनी कोण हे बाहेर कोणाला सांगू नका.' इतक्या वर्षांत लाखो अनोळखी माणसांनी आपसात हे गुपित सांभाळले आहे. ज्या शहरी अनोळखीपणातून ही कथा जन्मली, त्याच अनोळखी माणसांना तिने एका गुपिताने बांधून ठेवले, याहून मोठे प्रशस्तिपत्र तिला काय हवे?

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत अंकाअंकांतून ज्या रहस्यकथा आपल्यापुढे येतील, त्या बिनदिक्कत वाचा. मुलांना वाचून दाखवा आणि ऐन रंगात पुस्तक मिटून 'उरलेले उद्या' म्हणायला विसरू नका. मुले रुसतील, तर्क लढवतील, रात्री अंथरुणात कुजबुजतील. तेवढ्या वेळात त्यांनी जो विचार केलेला असतो, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात बसत नाही. फक्त घरात एखादी व्यक्ती शेवटचे पान आधी उघडून पाहणारी असतेच. तिच्यापासून अंक दोन दिवस लपवून ठेवा म्हणजे झाले.